टाचेपासून अंगठ्यापर्यंत

रोजच्या वेगाने चालणारा निरोगी माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो. म्हणजे उजवी टाच जमिनीला लागल्यापासून तीच टाच पुन्हा लागेपर्यंत एक ते सव्वा सेकंद जातो. या सेकंदापैकी जवळपास ६० टक्के वेळ ते पाऊल जमिनीवर असतं आणि ४० टक्के वेळ हवेतून पुढे जात असतं. दुसऱ्या पायाचंही गणित हेच. त्यामुळे प्रत्येक फेरीत दोनदा, अगदी थोडा वेळ, दोन्ही पावलं एकदम जमिनीवर असतात. धावताना हा दुहेरी आधार नाहीसा होतो आणि त्याच्या जागी दोन्ही पाय अधांतरी असल्याचा क्षण येतो. चालणं आणि धावणं वेगळं ठरतं ते यामुळे, वेगामुळे नाही. वय वाढलं, एकदा पडून झालं, मनात धास्ती बसली, की माणूस नकळत हा दुहेरी आधार वाढवून घेतो. पावलं आखूड होतात, पाय फारसे उचलले जात नाहीत, वेग उतरतो. घरातली मंडळी म्हणतात, ‘आजी हल्ली जपून चालते.’

पाऊल जमिनीवर असताना काय काय घडतं ते जरा सावकाश पाहू, कारण बुटाबद्दलचे बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात. टाच टेकते ती सपाट नाही, किंचित बाहेरच्या कडेवर. जुन्या चपलेची टाच मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात झिजलेली दिसली म्हणून कुणी ‘तुझी चाल वाकडी आहे’ म्हणालं, तर ते मनावर घेऊ नये. बहुतेकांची तिथेच झिजते. टाच टेकल्याबरोबर घोट्याखालचा सांधा आतल्या बाजूला कलतो, पावलाची कमान थोडी खाली बसते आणि सगळं पाऊल सैल होतं. त्या वेळी शरीराच्या वजनाहून थोडा जास्त भार त्याच्यावर येत असतो, आणि खाली गुळगुळीत फरशी आहे, खडी आहे की शेताचा बांध, याचा अंदाज अजून यायचा असतो. सैल पाऊल धक्का पचवतं आणि जमिनीच्या उंचसखलपणाशी जुळवून घेतं. मग नडगी पावलावरून पुढे झुकते, पोटरीचे स्नायू तिला आवरून धरतात, टाच उचलली जाते, भार चवड्यावर सरकतो आणि शेवटी अंगठ्याच्या जोरावर पाऊल जमीन सोडतं. सोडताना मात्र सैलपणा उपयोगाचा नाही. मागे रेटा द्यायचा तर पाऊल ताठ हवं.

अर्ध्या सेकंदात सैल पाऊल ताठ कसं होतं, हे घरबसल्या पाहता येतं. खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर टेकलेलं ठेवा आणि हाताने फक्त अंगठा वर उचला. आतल्या बाजूची कमान आपोआप उंचावते. तळव्याच्या कातडीखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. बोटं वर वळली की रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा चवड्याच्या हाडांभोवती ओढला जातो. टाच आणि चवडा जवळ येतात, कमान वर येते आणि पावलातली २६ हाडं एकमेकांत घट्ट बसतात. ब्रिटिश संशोधक जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही रचना उलगडून दाखवली. तिच्यासाठी स्नायूंना वेगळा जोर लावावा लागत नाही. अंगठा वर वळला की बास.

आता दुकानातला बूट हातात घ्या आणि याच नजरेने त्याच्याकडे पाहा. बूट वाकायला हवा तो चवड्याच्या जागी, जिथे बोटं वळतात तिथे. टाच आणि टोक धरून दाबल्यावर तो नेमका मध्येच, कमानीखाली दुमडत असेल, तर पाऊल ताठ होण्याच्या क्षणी त्याला खालून आधार मिळणार नाही. उलट तो कुठेच वाकत नसेल, तर अंगठ्याचं वळणं अडेल. बुटाचं टोक इतकं निमुळतं असेल की अंगठा करंगळीकडे ढकलला जातो, तर रेटा देण्याची दिशाच बदलते. वर्षानुवर्षं असे बूट घातले की अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आल्यासारखं दिसू लागतं. या व्याधीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे खरं. पण ज्याला तो धोका जन्मतः आहे, त्याने तरी टोकदार बूट घालू नयेत.

टाचदुखीचा उगमही याच पट्ट्यात आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना टाचेत कळ येते, थोडं चालल्यावर ती ओसरते, पण पुष्कळ वेळ उभं राहिल्यावर पुन्हा डोकं वर काढते. रात्रभर पाऊल खाली कललेलं असतं, पोटरी आणि तळव्याचा पट्टा आखडलेले असतात, आणि पहिल्याच पावलाला ते एकदम ताणले जातात. एक्सरेमध्ये टाचेला ‘हाड वाढलेलं’ दिसलं की लोक घाबरतात. पण तसं हाड वाढलेल्या कित्येकांची टाच कधीच दुखत नाही. आपल्याकडे टाच दुखणारी माणसं बाहेर जाताना चांगले बूट घालतात आणि घरी आल्यावर दिवसातला उरलेला सगळा वेळ टणक फरशीवर अनवाणी वावरतात. स्वयंपाकघरात ओट्यापाशी दोन-दोन तास उभं राहणाऱ्या बाईने घरात घालायला बऱ्यापैकी जाड तळाची, पावलावर घट्ट बसणारी वेगळी स्वच्छ चप्पल ठेवली आणि पोटरी ताणण्याचा व्यायाम नेमाने केला, तर पुष्कळ आराम पडतो. ‘घरात चप्पल नाही’ हा रिवाज दुखऱ्या टाचेपुरता बाजूला ठेवायला काहीच हरकत नसावी.

चालीचा शास्त्रीय अभ्यास तसा जुना आहे. जर्मनीतल्या विल्हेल्म आणि एदुआर्द वेबर या भावांनी १८३६ मध्येच माणसाच्या चालण्यावर ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकात कॅलिफोर्नियात पोलिओच्या रुग्णांवर काम करणाऱ्या डॉ. जॅकलिन पेरी यांनी चालीच्या एकेका टप्प्याची अशी काटेकोर फोड केली की त्यांचं १९९२ चं पुस्तक आजही या क्षेत्रात प्रमाण मानलं जातं. पण सामान्य माणसापर्यंत हे शास्त्र पोहोचलं ते बुटांच्या दुकानातून, आणि तिथे त्याचं फार सोपं, फार घाईचं रूप झालं.

ते रूप असं. पाऊल ओलं करून कागदावर किंवा फरशीवर उमटवायचं. ठसा भरलेला आला तर पाय सपाट, मधला भाग अगदी बारीक आला तर कमान उंच, आणि दोन्हींच्या मधला असेल तर ‘नॉर्मल’. सपाट पायाचं पाऊल जास्त आत कलतं म्हणून त्याला आतून कडक केलेला बूट, उंच कमानीच्या पायाला धक्के सोसवत नाहीत म्हणून गादीचा बूट, मधल्याला मधला. १९८० च्या दशकापासून धावण्याचे बूट याच तीन खणांत विकले जाऊ लागले. तर्क पटण्याजोगा होता. तो तपासायला मात्र बराच काळ गेला.

तपासणी केली ती अमेरिकी सैन्याने. नव्या रंगरुटांचे दोन गट केले. एका गटाला पावलाचा ठसा पाहून त्या त्या प्रकारचे बूट दिले; दुसऱ्या गटात ठसा कसाही असो, सगळ्यांना एकाच प्रकारचे. प्रशिक्षण संपल्यावर दुखापती मोजल्या, तर दोन्ही गटांत फरक जवळजवळ नव्हता. भूदल, हवाई दल आणि मरीन कोर अशा तिन्ही ठिकाणी तेच आढळलं. हे निष्कर्ष २००९ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे डेन्मार्कमध्ये नव्याने धावायला लागलेल्या ९२७ जणांना एकाच साध्या प्रकारचे बूट देऊन वर्षभर पाहिलं गेलं. पाऊल आत कलणाऱ्यांना जास्त इजा होतील ही अपेक्षा तिथेही खोटी ठरली.

पाऊल आत कलणं हा दोष नाही. धक्का पचवायची ती रीत आहे, हे आपण वर पाहिलंच. कुणाचं पाऊल थोडं जास्त कलतं, कुणाचं कमी. प्रत्येकाच्या हाडांची ठेवण, सांध्यांची लवचीकता आणि स्नायूंची सवय यांतून शरीराने आपली एक वाट शोधलेली असते. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी अनेक वर्षांच्या संशोधनानंतर २०१५ मध्ये असा विचार मांडला की सांध्यांना ही वाट सोडायला भाग न पाडणारा बूट पायाला सुखाचा वाटतो, आणि तो सुखाचा वाटणं हीच निवडीची चांगली कसोटी आहे. मला हे म्हणणं पटतं. ठशावरून आपल्या पायावर शिक्का मारून घेण्यापेक्षा पायाला काय वाटतं ते नीट विचारणं जास्त शास्त्रीय आहे.

नीट विचारणं मात्र हवं. दुकानातल्या गालिच्यावर दोन पावलं टाकली की स्पंजसारखा मऊ बूट नेहमीच छान वाटतो. मऊपणा आणि सुख एक नव्हे. जाड, फार मऊ तळामुळे पावलाला जमीन नीट समजत नाही. वयस्कर माणसांचा तोल अशा तळावर जास्त जातो. बूट दोन्ही पायांत घालून, लेस बांधून, गालिच्याबाहेर टणक जमिनीवर दहा मिनिटं तरी चालावं. जिना असेल तर चढावा आणि उतरावा. उतरताना बोटं टोकाला आपटली तर तो बूट नको. ‘वापरून वापरून सैल होईल’ हे विक्रेत्याचं आश्वासन कातड्याच्या बाबतीत थोडंफार खरं असतं, रेक्झीन आणि प्लास्टिकच्या बाबतीत नाही. चावणारा बूट घरी आणू नये.

मग आपल्या चालीत पाहायचं काय? उत्तम चाल कशी असते याचा नमुना समोर ठेवून त्याच्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. पाहायचं ते दोन गोष्टींसाठी: उजव्या-डाव्यातला फरक, आणि पूर्वीपेक्षा झालेला बदल. घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा, एकदा पाठीमागून, एकदा बाजूने, पायांत काही न घालता. पहिली काही पावलं आपण कॅमेऱ्यासाठी चालतो, म्हणून बोलत बोलत चालावं. दोन्ही पावलं सारख्या लांबीची पडतात का? एका पायावर भार आला की दुसऱ्या बाजूचा खुबा खाली झुकतो का? एकच पाऊल बाहेर वळलेलं आहे का? आवाजही ऐका. एका पायाचा ‘थप्’ असा आवाज येत असेल, चवडा सावकाश टेकण्याऐवजी आपटत असेल, किंवा एकाच चपलेचं पुढचं टोक घासून झिजत असेल, तर पाऊल वर उचलणारा स्नायू किंवा त्याची शीर दुबळी झाली असण्याची शक्यता असते. हा बुटाचा प्रश्न नाही, डॉक्टरांचा आहे. तसंच हल्ली पाय ओढत चालणं, चालताना एक हात हलायचा थांबणं, वळताना अडखळणं असं काही नव्याने सुरू झालं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं.

जुने बूट टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मागून पाहिले तरी बरंच कळतं. दोन्ही सारखेच कललेले असतील आणि दुखत-खुपत काही नसेल, तर सोडून द्यावं. एकाच बुटाची टाच आत कोलमडलेली असेल, त्या घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतं आणि पाय हळूहळू सपाट होतो आहे असं वाटत असेल, तर भिंतीला हात टेकून त्या एका पायावर उभं राहावं आणि टाच उचलून पाहावी. टाच उचलताच येत नसेल, तर कमान सावरणारा आतल्या बाजूचा स्नायूबंध जायबंदी झालेला असू शकतो. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, हे घडतं आणि वेळेवर आधार दिला तर पुढचं नुकसान टळतं. अशा पायाला खास बनवलेला इनसोल खरोखर लागतो. ज्याचे पाय जन्मापासून सपाट आहेत आणि जो दिवसभर विनातक्रार चालतो, त्याला तो लागत नाही.

मापाकडे वळू. आपल्याकडे सहा नंबर, आठ नंबर म्हणतो ते इंग्रजी मापन आहे. एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास; जुन्या काळी इंग्लंडात जवाचे तीन दाणे एकापुढे एक ठेवून इंच मोजत, त्यातला हा एक दाणा. युरोपातल्या ४०, ४१, ४२ या आकड्यांत एका नंबराचा फरक पाऊण सेंटिमीटरहूनही कमी, सेंटिमीटरच्या दोन तृतीयांश असतो. दोन्ही पद्धती मुळात लांबीच्या. बूट ज्या साच्यावर बनतो त्याची रुंदी कंपनी ठरवते आणि आपल्या बाजारात ती खोक्यावर बहुधा लिहिलेलीच नसते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावलं त्रिमितीय स्कॅनरने मोजली. भारतीय पावलं युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असतात, हे त्यातून आकड्यांनिशी समोर आलं. लांबीला बरोबर असलेला बूट रुंदीला आवळतो, म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, मग टाच मागे सुटते, म्हणून लेस करकचून बांधतो. या मोजणीवरून ‘भा’ नावाची भारतीय मापनपद्धती सुचवली गेली. तिच्यात वयोगटांनुसार आठ गट आहेत. इतक्या मोठ्या देशाने आपली पावलं आधी का मोजली नाहीत, याची खंत वाटते. पण मोजली हे फार चांगलं झालं.

‘भा’ मापाचे बूट हातात येईपर्यंत एक कागद पुरे. संध्याकाळी, दिवसभर वावरून पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा. बसून घेतलेलं माप चुकतं, कारण भार पडला की पाऊल लांबतं आणि पसरतं. दुसऱ्या कुणाला पेन्सिल उभी धरून पावलाची रेघ ओढायला सांगा. दोन्ही पावलांची ओढा. ती थोडी लहान-मोठी असतात आणि माप मोठ्याचं घ्यायचं असतं. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट पुढे असतं. आता रोजचा बूट त्या आकृतीवर ठेवून पाहा. पेन्सिलची रेघ बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते आहे? म्हणजे रोज तेवढं मांस आपण आत कोंबतो आहोत. करंगळीवरचं कुरूप तिथूनच आलेलं असतं. झुरिकचे शरीररचनाशास्त्रज्ञ गेओर्ग हेर्मान फॉन मायर यांनी १८५८ मध्येच बुटाच्या योग्य आकारावर पुस्तिका लिहून सांगितलं होतं की अंगठ्याच्या मधून मागे ओढलेली रेघ टाचेच्या मध्यावरून गेली पाहिजे. त्या काळी उजव्या-डाव्यात काही फरक नसलेले सरळसोट बूटही सर्रास मिळत. ते आता गेले. पण टोक मधोमध आलेले बूट अजून दुकानात मांडलेले असतात, आणि पावलाचं टोक मधोमध नसतं, अंगठ्याच्या बाजूला असतं. नव्या बुटात सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी, आणि आतली बोटं हलवता आली पाहिजेत.

कोल्हापुरी चपलेबद्दल दोन्ही बाजूंनी टोकाचं बोललं जातं. कुणी तिला आरोग्याचं आगर मानतं, कुणी पायांची शत्रू. तिचं बळ कशात आहे ते पाहिलं की निर्णय सोपा होतो. म्हशीच्या कातड्याचा, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेला तळ. वरून रुंद पट्टा आणि अंगठ्याची कडी. नवी असताना ती करकरते, चावतेही. मग तेल पाजून, थोडा थोडा वेळ घालून ती माणसाच्या पायाच्या वळणावर येते, आणि एकदा आली की तळावर पावलाचा खोलगट ठसा बसतो. बोटं मोकळी राहतात, टाच फार उंच नसते, घाम साचत नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं मिळून. धडधाकट माणसाच्या रोजच्या वावराला ती उत्तम आहे. पण टाच मागून मोकळी असल्याने चप्पल अंगठ्याने धरून ठेवावी लागते, पावसात कातडं भिजून घसरतं, आणि ज्याला टाचेखाली गादी लागते त्याला तिचा तळ टणक पडतो. साधी रबरी स्लिपर मात्र लांबच्या चालीला अजिबात घेऊ नये. ती निसटू नये म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात, पाऊल आखूड पडतं आणि संध्याकाळी नडगी भरून येते. उंच टाचांच्या सँडलबद्दल एवढंच, की त्यांनी गुडघ्याच्या सांध्यावरचा पीळ वाढतो हे १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आहे. लग्नाकार्यात घालाव्यात, नोकरीला रोज नकोत.

लहान मुलांच्या पायांबद्दल पालक विनाकारण काळजी करतात. चालायला लागलेल्या मुलाचं पाऊल सपाटच दिसतं; कमान सहा-सात वर्षांपर्यंत हळूहळू घडते. मूल चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि ते दुखतं म्हणत नसेल, तर खास बूट लागत नाहीत. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयातल्या उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणं घालणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत ते जास्त होतं, चपला-सँडल घालणाऱ्यांत कमी. शाळेसाठी काळे बूट लागतात हे मान्य. पण शाळेतून आल्यावर अंगणात, मैदानात, मातीत मुलांना अनवाणी खेळू द्यावं. जंतांची भीती असेल तिथे उघडी चप्पल. आणि दर तीन-चार महिन्यांनी बुटाचं टोक दाबून पाहावं. मुलाचा पाय वाढला हे मूल सांगत नाही, ते बोटं दुमडून घेतं.

अनवाणी चालण्याने तळवा निबर होतो आणि मग त्याला काही जाणवत नाही, असं समजलं जातं. केनियातल्या अनवाणी चालणाऱ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात उलटं दिसलं. कातडी जाड आणि टणक होते, पण जमिनीची जाणीव कमी होत नाही. बुटाच्या जाड तळाने जी संवेदना अडते ती या नैसर्गिक तळाने अडत नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट कित्येक वारकरी अनवाणी चालतात, ते हयातभर कमावलेल्या तळव्यांवर. शहरातून पहिल्यांदाच वारीला जाणाऱ्याने त्यांचं अनुकरण करू नये, आणि वारीसाठी म्हणून आदल्या आठवड्यात नवे बूटही घेऊ नयेत. पायाला सरावलेला जुना जोड, बदलायला कोरडे मोजे, आणि कुठे चुरचुरलं की फोड येण्याआधीच तिथे चिकटपट्टी, एवढं पुरतं.

इथवर मी पायाच्या सुखावर भिस्त ठेवायला सांगितलं. ज्यांना हा सल्ला लागू पडत नाही अशा माणसांची संख्या आपल्या देशात फार मोठी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार भारतात मधुमेही १० कोटींहून जास्त आहेत. बरीच वर्षं साखर चढी राहिली की पावलांच्या शिरा हळूहळू बधिर होतात. ज्याला पायाला काय वाटतं हेच कळत नाही, त्याने सुखावरून बूट कसा निवडावा?

याचं उत्तर भारतातच, कुष्ठरुग्णांच्या पावलांवरून सापडलं. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांतला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरोगात पायाला जखमा होतात त्या मांस सडल्यामुळे, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस चांगलंच असतं, योग्य विश्रांती दिली तर जखम इतरांसारखीच भरते. जखम होते ती चालण्यामुळे. निरोगी माणूस लांबचं अंतर चालला की पावलाचा एखादा भाग तापतो, चुरचुरतो, आणि त्याच्या नकळत चाल किंचित बदलते; भार शेजारी सरकतो. थोडं लंगडणं हे पावलाचं संरक्षण आहे. बधिर पाऊल लंगडत नाही. हजारो वेळा ते नेमक्या त्याच जागी टेकत राहतं, आणि आतलं मांस तुटत जातं. एक पाऊल निरुपद्रवी असतं. इजा होते ती त्याच्या पुनरावृत्तीने.

म्हणून उपाय दोन. भार एका बिंदूवर न पडता तळव्यावर पसरला पाहिजे, आणि जाणिवेचं काम डोळ्यांनी व हातांनी केलं पाहिजे. बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा थर आणि त्याखाली काट्या-खिळ्यांना दाद न देणारा टणक तळ, अशी जी ‘एमसीआर’ चप्पल आज सरकारी रुग्णालयांतून कुष्ठरुग्णांना आणि मधुमेहींना मिळते, ती दक्षिण भारतातल्या या कामातून आली. तिच्यात खिळे मारत नाहीत, चिकटवून आणि शिवून घेतात. मागे पट्टा असतो, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. दिसायला ती साधी आहे, आणि कुणी पाहील म्हणून लोक ती घालायला लाजतात, याचं मला फार वाईट वाटतं. बाहेरून नेहमीच्या सँडलसारखी दिसणारी, आत तोच थर असलेली चप्पल कारागिराकडून बनवून घेता येते.

मधुमेहींनी बूट मोजून घ्यावा, सुखावरून नाही. बधिर पायाला घट्ट बूटच ‘बरोबर बसला’ असं वाटतं, कारण तेवढा दाब पडल्याशिवाय तो जाणवतच नाही. वरच्या कागदाच्या आकृतीला इथे पर्याय नाही. देवळात प्रदक्षिणा घालायची असेल तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावं. एप्रिल-मे मध्ये तापलेल्या फरशीने तळवे भाजतात आणि मोजा काढेपर्यंत पत्ता लागत नाही. बूट पायात घालण्याआधी उलटा करून झटकावा, आत हात घालून खडा, दुमडलेला इनसोल, वर आलेली शिवण चाचपून पाहावी. नवा जोड पहिल्या दिवशी तासभरच घालावा आणि काढल्यावर लगेच तळवा, बोटांच्या बेचक्या, टाच पाहावी; खाली वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. कुठे दाब पडला असेल तिथे लाली येते. ती अर्ध्या तासात विरली नाही, तर तो जोड त्या पायाचा नाही. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू दोन्ही पावलांच्या त्याच त्याच जागी लावून ऊब ताडून पाहावी. एका पावलावरची जागा दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागली, तर त्या पायावरचं चालणं थांबवून दुसऱ्या दिवशीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं.